पायरीवरचा दहीभात

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावी जावं लागे, आणि मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवतंय. त्यानंतर मी लिहिलं ते किराणाच्या याद्या, नाहीतर कागदाखालची सही. ही वही माझ्या नातीची, मिहिकाची. तिनं दोन पानांवर बेरजा केल्या आणि टाकून दिली. कोरी पानं फेकवेनात म्हणून मी उचलली. ही कुणी वाचायची नाही. तरी चुकांची माफी मागावीशी वाटते. काही करायच्या आधी माफी मागायची सवयच आहे मला.

डिसेंबर लागला आहे. टोरोंटोजवळच्या या मिल्टन गावात या महिन्यात दिवस असा नसतोच. आठच्या सुमाराला उजाडल्यासारखं होतं आणि दुपारचा चहा उकळेपर्यंत तिन्हीसांज येऊन दारात उभी राहते. दिवा लावताना मी रोज घड्याळाकडे बघते. साडेचार. गावी या वेळेला गुरंसुद्धा घरी आलेली नसायची.

आमची गल्ली नवी आहे. सगळी घरं एका साच्यातली, एकाच रंगाच्या विटेची. पहिल्या वर्षी फिरून आले आणि भलत्याच घराच्या दाराला किल्ली लावत बसले. आतून कुत्रा भुंकला तेव्हा कळलं की आपल्याकडे कुत्रा नाही. सकाळी सातला सगळ्यांच्या गॅरेजची दारं वर जातात, गाड्या निघतात, दारं खाली येतात, आणि मग दिवसभर गल्लीत माणूस दिसत नाही. बर्फ पडला की आवाजही जातात. कानात कापूस घातल्यासारखं होतं. अशा वेळी घरातले बारीक आवाज मोठे होतात. फ्रिजचा, लाकूड आखडल्याचा, आणि जमिनीतल्या जाळीचा.

त्या जाळ्या मला अजून आवडत नाहीत. प्रत्येक खोलीत जमिनीला एक लोखंडी जाळी आहे. खाली बेसमेंटमध्ये भट्टी आहे, तिची गरम हवा तिथून वर येते. हवेबरोबर वासही येतो. आणि बाकी काय काय येतं ते मला तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कळलं.

तेव्हा बेसमेंटमध्ये रेणुका राहत होती. वाशिमची मुलगी, तेवीस वर्षांची. इथं कॉलेजात शिकायला आलेली. माझा मुलगा प्रशांत आणि सून रश्मी, दोघंही टोरोंटोला नोकरीला. त्यांनी घराचा हप्ता जड जातो म्हणून खालची खोली भाड्यानं दिली होती. तिचं दार वेगळं, घराच्या कुशीला, आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या बोळात. आमच्या स्वयंपाकघरातूनही खाली जिना जातो, पण ती आल्यापासून त्या दाराला वरून कडी होती.

पहिल्या आठवड्यात मी तिला जेवायला बोलावलं. ती आली, मांडी घालून बसली, भाकरी बघून डोळे भरून आले तिचे. दुसऱ्या दिवशी माझी वाटी परत केली तर वाटीत चिमूटभर साखर. मी म्हटलं, हे काय गं. तर म्हणाली, माझी आई म्हणते कुणाचं भांडं रिकामं देऊ नये. मला फार बरं वाटलं. माझीही आई हेच म्हणायची. पण प्रशांतनं मला बाजूला घेऊन समजावलं की आई, ती टेनंट आहे, तिला रोज बोलवू नकोस, इथं लोकांना प्रायव्हसी लागते. मी बोलवायचं थांबवलं. मला सांगितलेलं मी ऐकते.

रोज सकाळी ती पाठीला बॅग लावून बोळातून बाहेर यायची, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हात करायची आणि जायची. संध्याकाळी अंधारात परत येताना पुन्हा हात करायची. कॉलेज लांब, आधी बस मग ट्रेन. मला कौतुक वाटायचं. एवढीशी पोर, एवढ्या थंडीत, इंग्रजीतून शिकते.

एक दिवस मी कांदा चिरत होते. घरात कुणी नव्हतं. आणि जमिनीतून कुणीतरी बोललं.

इंग्रजीत बोललं. एक आवाज जाड, हुकूम केल्यासारखा. काहीतरी विचारायचा आणि थांबायचा. मग दुसरा आवाज, बारीक, अडखळत उत्तर द्यायचा. पुन्हा जाड आवाज. मी सुरी हातात धरून जाळीजवळ उभी राहिले. भट्टी सुरू झाली, हवेचा घूं आवाज आला आणि बोलणं त्यात बुडालं. भट्टी थांबल्यावर खाली सगळं शांत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. रेणुकाला मी माझ्या डोळ्यांनी जाताना बघितलेलं. खाली दिवा नाही, हेही मी बोळात जाऊन बघितलं. तिची खिडकी जमिनीलगत आहे, आत मिट्ट काळोख. रात्री जेवताना मी भीत भीत विषय काढला तर प्रशांत म्हणाला की आई, व्हेंटमधून साउंड ट्रॅव्हल होतो, शेजारच्यांचा टीव्ही असेल. मी मान हलवली. इंग्रजी भूत म्हणजे टीव्हीच, असं मनाला सांगून बघितलं. पण टीव्ही उत्तराची वाट बघत नाही.

मग पावलं दिसली. रात्री ताजा बर्फ पडला होता. रेणुका गेली, तिची पावलं बोळातून निघून रस्ता ओलांडून घरांमागच्या तळ्याकडे गेली. तळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं डबकं. हिवाळ्यात गोठतं, बर्फावर जाऊ नका अशी पाटी आहे तिथं. बसथांबा उलट्या बाजूला. मला नवल वाटलं. दोन तासांनी मी पुन्हा खिडकीत आले तर पावलांची दुसरी ओळ उमटलेली होती. तळ्याकडून आमच्या घराकडे. त्याच मापाची.

ज्यांची पावलं उलटी असतात त्यांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. ती ओळ घराकडे कुणी आल्याची आहे, की उलट्या पावलांनी कुणी घरातून तळ्याकडे गेल्याची, हे मला त्या खिडकीतून कसं कळावं. मी पडदा ओढून घेतला. दुपारपर्यंत नव्या बर्फानं दोन्ही ओळी बुजवल्या, आणि काही झालंच नव्हतं अशी गल्ली पुन्हा पांढरी झाली.

हे सगळं आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मला दिवसा भीती वाटायची. अंधाराची भीती माणूस समजू शकतो, पण त्या पांढऱ्या उजेडाची भीती कुणाला सांगणार.

त्याच आठवड्यात मिहिकाला ताप आला. शाळा बुडाली, दोघं कामावर, ती आणि मी घरी. तिला सोफ्यावर झोपवलं तर ती उठून जाळीजवळ जाऊन आडवी झाली. गरम लागतं म्हणून असेल. मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या करत होते. ती जमिनीला कान लावून हसली आणि म्हणाली, "आजी, देअर्स अ लेडी इन द फ्लोअर."

लेडी आणि फ्लोअर, दोन्ही शब्द मला येतात.

ती काय करते, मी विचारलं. मिहिका म्हणाली, शी इज सॅड. आणि डोळे मिटले. अंग नुसतं फणफणत होतं.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दहीभात कालवला. त्यावर कुंकू टाकलं, एक लाल मिरची ठेवली. मिहिकावरून तीन वेळा उतरवला. गावी असते तर पत्रावळीवर ठेवून तिठ्यावर नेला असता. इथं तिठ्यावर तिन्ही बाजूंनी गाड्या थांबून एकमेकींना वाट देतात. तिथं मी काय ठेवणार, आणि रश्मीला लाज आली असती. पत्रावळही नव्हती. हाताला लागली ती स्टीलची ताटली घेतली आणि बोळातून जाऊन रेणुकाच्या दाराच्या पायरीवर ठेवली, कारण आवाज तिथून यायचा. साडेचार वाजले होते, अंधारून आलं होतं. मागं वळून बघायचं नसतं. मी वळले नाही. घरात आल्यावर लक्षात आलं की घाईत माझं नाव घातलेली ताटली गेली. लग्नातली. जे काही ते अन्न खाईल त्याच्या पुढ्यात मी माझं नाव ठेवून आले होते.

दोन तासांत मिहिकाचा ताप उतरला. सकाळी ती टोस्ट मागत होती. प्रशांत म्हणाला, औषधानं उतरला. असेल.

सगळे गेल्यावर मी बोळात गेले. वाटलं होतं खारीनं भात विसकटलेला असेल, ताटली बर्फात गेली असेल. ताटली पायरीवर होती. घासलेली. लख्ख. आणि मधोमध चिमूटभर साखर.

भुतं खातात हे ऐकलं आहे. भांडं घासून, रिकामं देऊ नये म्हणून त्यात साखर ठेवणारं भूत कुणी ऐकलं आहे का. मी आत आले, स्वयंपाकघरातल्या दाराची कडी काढली आणि पहिल्यांदा त्या जिन्यानं खाली उतरले.

खाली दिवा नव्हता. छताजवळच्या खिडकीवर अर्धा बर्फ चढलेला, त्यातून निळसर उजेड येत होता, पाण्याखाली असावा तसा. रेणुका पलंगावर होती. अंगात कोट, पायात बूट, उशाशी उघडं पुस्तक. मला बघून उठायला लागली.

"काकू, तुम्ही काहून आल्या? मी निघूनच राहिली होती कॉलेजला."

मी कपाळाला हात लावला. तापलेला तवा. काल वर उतरलेला ताप इथं येऊन बसला होता.

मग हळूहळू तिनं सांगितलं. तिच्या शिक्षणाच्या कर्जाला मामा जामीन होते. घरात काही बिनसलं, मामांनी सही मागे घेतली, बँकेनं पुढचे पैसे अडवले. फी भरली नाही म्हणून ऑक्टोबरातच कॉलेजनं तिचं नाव काढून टाकलं. दार उघडायचं कार्डही चालेना. कॉलेज नाही म्हणून दुकानातलं कामही करता येईना, ती परवानगी शिक्षणावरच होती. जानेवारीच्या आधी फी भरली तर वर्ष वाचणार, नाहीतर परत जायचं. घरी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही, खोली जाईल म्हणून. हातात होतं ते भाड्यात घातलं. रोज आम्हाला दिसेल असं निघायचं, तळ्याशी थांबायचं, प्रशांतची गाडी गेली की गुपचूप परत यायचं, दिवा न लावता बसायचं. संध्याकाळी पुन्हा बाहेर जाऊन आल्यासारखं यायचं. बोलायची सवय मोडू नये म्हणून सर होऊन स्वतःला प्रश्न विचारायचे आणि स्वतःच उत्तरं द्यायची.

तळ्याशी एवढा वेळ काय करत होतीस, मी विचारलं. ती म्हणाली की बर्फ किती जाड झाला ते बघायची. मी पुढं विचारलं नाही.

शेवटी जे विचारायचं होतं ते विचारलं. "कुंकू दिसलं नाही का गं तुला?"

"दिसलं ना काकू. मिरचीबी दिसली, ती बाजूला काढली." ती थोडी हसली. ओठ फुटले होते तिचे. "चार दिवस नुसत्या ब्रेडवर होती मी. म्हटलं, खालचं जे काही आहे त्याच्यासाठीच ठेवला ना. तर ते मीच आहो."

मला रडूही आलं नाही. वर जाऊन पेज केली, आणून भरवली. घशाखाली प्रत्येक घोट उतरताना मी बघत होते, जणू आधीचा घास त्याखाली दाबला जाणार होता.

त्या रात्री जेवताना मी प्रशांतला फीचं सांगितलं आणि म्हटलं की मी भरते. चार घरांना मी पोळ्या करून देत होते, त्याचे पैसे बँकेत साठले होते. तो वाईट नाही, माझा मुलगा. पण तो म्हणाला, "आई, किती ओळखतेस तू तिला? इथे प्रत्येक बेसमेंटमध्ये एक स्टुडंट आहे. सगळ्यांची फी भरणार का?"

"माझे पैसे आहेत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. प्रशांत ताटातला भात चिवडत राहिला. मिहिका तेवढी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रश्मीनं सुट्टी काढली आणि मला गाडीतून बँकेत नेलं. रस्त्यावर मिठाचा पांढरा थर होता, चाकाखाली कुरकुरत होता. सिग्नलला थांबल्यावर तिनं विचारलं, आई, अजून काही झालंय का. मी नाही म्हटलं. माणूस दयेनं पैसे देतो असं तिला वाटत होतं. तिचा तो समज मोडावासा वाटला नाही. मी आमच्या घरावरचं काढून एका उपाशी मुलीच्या पोटात घातलं होतं. ते परत काढता येत नव्हतं, म्हणून जे देता येत होतं ते दिलं.

जानेवारीच्या टर्मला रेणुका पुन्हा बसली. आता खिडकीतून हात करून ती खरंच बसथांब्याकडे जायची. जाळ्या गप्प झाल्या. मी प्रशांतला न विचारता रोज डबा द्यायला लागले. पोळी-भाजी, वरण-भात, सगळं ती आवडीनं खायची. दही मात्र तिनं कधी घेतलं नाही. थंडीत सोसत नाही म्हणाली. उन्हाळ्यात विचारलं, तेव्हाही नाही म्हणाली.

एकदा जिन्यावर बसून बोलताना मी तिला सांगितलं की तो बुधवार, मिहिकाच्या तापाच्या आधीचा, त्या दिवशी तुझा आवाज फार वेळ येत होता. तिनं बोटांवर दिवस मोजले. म्हणाली, त्या बुधवारी मी दिवसभर टोरोंटोला होते, कॉलेजच्या ऑफिसात हातापाया पडायला गेले होते. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, मंगळवार असेल, काकू. मी म्हटलं, मंगळवारच असेल.

ती पास झाली. किचनर नावाच्या गावी सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागली, तिथं दोन मुलींबरोबर राहते. किचनर काही लांब नाही, गाडीनं तास पुरतो. पण गेल्यापासून ती आमच्या उंबऱ्यात आलेली नाही. दिवाळीला बोलवावं तर तिला काम असतं, संक्रांतीला बर्फ असतो. फोनवर गोड बोलते. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यापासून तिनं पैसे परत करायला सुरुवात केली. दर महिन्याला प्रशांत फोन बघून सांगतो की रेणुकाचे आले. सोबत एक अक्षर नसतं. मला ते पैसे नको होते, पण यायचे तेव्हा जीव भांड्यात पडायचा. आले म्हणजे ती बरी आहे, कामावर जाते आहे, तिला काही झालेलं नाही. एका महिन्यात आठ दिवस उशीर झाला तर मला झोप लागेना. फोन करून विचारलं. पाय मुरगळला होता म्हणाली, बर्फावरून घसरले. बर्फावरून सगळेच घसरतात. मी आठवडाभर देवापुढे दिवा विझू दिला नाही.

खालची खोली आता रिकामी आहे. प्रशांतचा पगार वाढला, भाडेकरू नको म्हणतो. मिहिका मोठी झाली, तिला तो ताप आठवतही नाही. जाळीतून फक्त गरम हवा येते. तरी साडेचारला दिवा लावताना माझा कान खाली असतो.

गेल्या रविवारी मी रेणुकाला फोन केला. एकच हप्ता राहिला होता. मी म्हटलं, शेवटचा राहू दे बाळा, माझ्याकडून समज. नातं राहील तेवढं.

पलीकडे वाहता नळ बंद केल्याचा आवाज आला.

"नाही काकू," ती म्हणाली. "तुमच्या घरचं काहीच माझ्याकडं राहू नये."

मग आवाज मऊ करून म्हणाली की वाईट नका वाटून घेऊ. मी म्हटलं, नाही गं.

त्या सकाळी खाली ती हसत म्हणाली होती, ते मीच आहो. मला वाटलं होतं की तिला काही वाटलं नाही, भीती माझ्या एकटीची आहे. तीन वर्षं तीही तो घास घेऊन हिंडत होती, आणि दर महिन्याला थोडा थोडा आमच्या दारात आणून ठेवत होती. तुला काही त्रास होतो का, रात्री काही दिसतं का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं.

आज सकाळी प्रशांतनं चहा पिता पिता फोन बघितला. म्हणाला, आई, रेणुकाचे शेवटचे आले. सगळे फिटले.